गोव्यातून पुण्यात, थेट तिसऱ्या वर्षाला : क्रेडिट जातील, पण एसटीचा दाखला?

करमलघाट

नमस्कार मंडळी. भाचीसाठी सल्ला हवा आहे. सासष्टीतल्या एका कॉलेजात बीए करते, मेजर इतिहास, मायनर मराठी. चौथं सेमिस्टर नुकतंच संपलं, एकही विषय मागे राहिलेला नाही, ८० क्रेडिट पुरे. घर काणकोण तालुक्यात, समाज वेळीप, एसटीचा (अनुसूचित जमातीचा) दाखला आहे.

आता झालंय असं की भावोजींना चाकणला कायमची नोकरी लागली. बहीणही तिकडे जाणार. पोरीला इथे एकटी ठेवायला दोघंही तयार नाहीत. नातेवाइकांत जो तो सांगतो, "आता एबीसी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आलं, कुठूनही कुठेही जाता येतं." कॉलेजच्या ऑफिसात विचारलं तर "आधी तिकडचं नक्की करा, मग टीसीचं बघू." पुण्यातल्या दोन कॉलेजांना फोन केला, तर तिथे "आधी तिकडचे कागद आणा." म्हणजे दोन्हीकडून चेंडू परत.

तिसरं वर्ष पुण्यात मिळेल का? मिळालं तर एसटीतून धरतील का? आणि धाकट्याचा, म्हणजे भाच्याचा, वेगळाच प्रश्न आहे, तो नंतर विचारतो.

रोंबाट

एबीसी आयडी काढलाय ना? मग काळजी कसली. देशभर चालतो तो.

पर्वरीकरीण

रोंबाट, असं सांगून लोकांना पुण्याच्या गाडीत बसवू नका हो. :)

करमलघाट, मी बरीच वर्षं प्रवेशाच्या टेबलावर काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एबीसी म्हणजे क्रेडिटचं पासबुक. तुम्ही जे कमावलं ते तिथे जमा दिसतं, आणि जमा करते ती संस्था. विद्यार्थ्याला स्वतःहून काही भरता येत नाही. पण खात्यात शिल्लक आहे म्हणून समोरचा दुकानदार माल देईलच असं नाही. प्रवेश द्यायचा की नाही, दिला तर कोणते पेपर समकक्ष धरायचे, कोणते पुन्हा करायला लावायचे, हे सगळं घेणारं विद्यापीठ ठरवतं. तिसऱ्या वर्षाला जागा रिकामी असायला हवी, ही तर पहिलीच अट.

दुसरं, दोन्हीकडचा हिशोब सारखा नाही. गोवा विद्यापीठात नवीन शैक्षणिक धोरण २०२३-२४ पासून सगळ्या कॉलेजांत एकदम लागू झालं. सेमिस्टरला २० क्रेडिट, तीन वर्षांचे १२०, ऑनर्सचं चौथं वर्ष धरून १६०. महाराष्ट्राने वर्षाला ४० ते ४४ अशी मुभा ठेवली आणि पुण्यात सेमिस्टरला २२ धरतात. म्हणजे तुमच्या भाचीचे ८० पुरे असले तरी तिच्याबरोबर तिसऱ्या वर्षाला बसणाऱ्या मुलीचे ८८ झालेले असतात. हे आठ कुठून आणणार, हा प्रश्न तिथला क्लार्क नाही विचारणार, पण परीक्षा विभाग नक्की विचारेल. तोही शेवटच्या निकालाच्या वेळी, म्हणजे बोंब मारायलाही उशीर झालेला असतो.

मुळा_मुठा

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. मी पुण्यात शिकवतो, विषय इतिहास नाही, पण समकक्षतेच्या बैठकांना बसलो आहे.

आठ क्रेडिटचं ओझं नुसतं आकड्याचं नसतं. आमच्याकडे भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यासक्रम, फील्ड प्रोजेक्ट, ऑन-द-जॉब ट्रेनिंग अशी वेगवेगळी खोकी आहेत आणि प्रत्येक खोक्यात ठरावीक क्रेडिट पडलेच पाहिजेत. गोव्यात मल्टिडिसिप्लिनरी, स्किल एन्हान्समेंट, व्हॅल्यू अ‍ॅडेड अशी मांडणी. नावं मिळतीजुळती, पण आतला माल तोच असेल याची खात्री नाही. तिकडे मेजरमध्ये गोव्याचा इतिहास शिकून आलेल्या मुलीला इकडे मराठ्यांच्या इतिहासाचे मागल्या वर्षांचे पेपर भरून काढायला सांगितले, तर नवल वाटू देऊ नका. तिसऱ्या वर्षाचे नियमित पेपर आणि वर हे. वर्षभर नुसतं धावत राहील ती.

आणखी एक. मागचे पेपर दोन वर्षं वर्गात बसून केलेल्या मुलांच्या मधे ती एकटी. गुण घसरतात, आणि पुढे एमएच्या दाराशी तेच गुण बघितले जातात.

सोलकढी

पुण्यात मुलींना फी माफ केलीय ना सरकारने? मग फायदाच की.

मुळा_मुठा

सोलकढी, ती २०२४ ची योजना. व्यावसायिक अभ्यासक्रम, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेली जागा आणि महाराष्ट्राचा रहिवास, अशा अटी आहेत. साध्या बीएला आणि गोव्याच्या मुलीला तिचा काही उपयोग नाही.

करमलघाट

पर्वरीकरीण ताई, मुळा_मुठा सर, देव बरें करूं. एवढं स्पष्ट कोणीच सांगितलं नव्हतं. आता दाखल्याचं कोणी सांगेल का? बहिणीचं म्हणणं असं की एसटी म्हणजे एसटी, भारत सरकारचीच यादी आहे, मग पुण्यात का नाही चालणार?

डिचोलीचा_वकील

तुमच्या बहिणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, म्हणूनच ते फसवं आहे.

यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने निघते हे खरं, पण घटनेच्या ३४२ व्या कलमानुसार ती त्या-त्या राज्यापुरती असते. गोव्याच्या यादीत आधी धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी आणि वारली एवढेच होते. गावडा, कुणबी, वेळीप २००३ साली आत आले, तेही किती वर्षांच्या मागणीनंतर हे काणकोण-केप्याच्या माणसाला मी काय सांगावं. महाराष्ट्राच्या यादीत वेळीप नाहीत. त्यामुळे महाराष्ट्र सरकारच्या कोट्यातल्या जागेसाठी तुमची भाची खुल्या प्रवर्गातली. बास.

आणि समजा जमात दोन्ही राज्यांच्या यादीत असती, तरीही आपोआप चाललं नसतं. १९९० चा मर्री चंद्रशेखर राव खटला नेमका यावरच आहे. आंध्रात अनुसूचित जमातीत मोडणारा मुलगा, वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच मुंबईत आलेला. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजला एसटीतून प्रवेश मागितला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मागासलेपण हे त्या-त्या राज्यातल्या परिस्थितीतून मोजलेलं असतं, घर बदललं म्हणून ते सामानाबरोबर दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोकऱ्यांच्या बाबतीत पुन्हा हेच सूत्र धरलं.

ओबीसीतही हीच गत. गोव्यात धनगर ओबीसीत, आणि एसटीत घ्या ही मागणी वर्षानुवर्षं लटकलेली. सीमेपलीकडे दोडामार्गला गेलात की तेच धनगर एनटी-सी, म्हणजे भटक्या जमाती (क), साडेतीन टक्क्यांत. मधे फक्त एक चेकनाका.

मात्र बहिणीच्या म्हणण्यातलं उरलेलं अर्धं असं : संस्था केंद्र सरकारची असेल तर गोव्याचा एसटी दाखला देशात कुठेही चालतो. केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी, एनआयटी. तिथे साडेसात टक्के एसटीसाठी आणि उमेदवार आपल्या मूळ राज्याच्या यादीवरून मोजला जातो. म्हणजे पुण्यातल्या राज्य विद्यापीठात जी मुलगी खुली, तीच हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात एसटी.

रोंबाट

कमाल आहे. क्रेडिटला देशभर रान मोकळं आणि ज्याच्या जोरावर पोरगी कॉलेजात पोचली तो कागद पत्रादेवीच्या नाक्यावर अडतो.

सोलकढी

अडायलाच पाहिजे. प्रत्येक राज्याने बाहेरच्यांना जागा वाटल्या तर तिथल्या एसटींनी कुठे जायचं? नंदुरबारच्या पोराची जागा काणकोणच्या पोरीने का घ्यावी? आणि मुळात आरक्षण किती पिढ्या

प्रशासक

सोलकढी, शेवटचं वाक्य अर्ध्यावर छाटलं आहे. आरक्षण हवं की नको यावर स्वतंत्र धागे आहेत, तिकडे जा. इथे प्रवेशाबद्दल बोला.

डिचोलीचा_वकील

छाटलेलं सोडा, पण नंदुरबारचा मुद्दा चुकीचा नाही. न्यायालयाचा तर्क बराचसा तोच आहे.

यारा_काठ

मेलबर्नहून लिहितेय, माहेर फोंड्याचं. माझी मुलगी इथे बारावीतून विद्यापीठात गेली, तेव्हा जे पाहिलं ते सांगावंसं वाटतं. धाग्याला थोडा फाटा फुटेल, प्रशासकांनी सांभाळून घ्यावं.

इथे व्हिक्टोरिया राज्यात एसईएएस नावाची सोय आहे. विद्यापीठाच्या अर्जाबरोबरच भरायची असते. त्यात विचारतात : घरची आर्थिक स्थिती कशी, राहता कुठे, अपंगत्व किंवा आजारपण आहे का, शिकताना घरात काही कठीण प्रसंग आले का, आणि तुमच्या शाळेतून विद्यापीठात फार कमी मुलं जातात का. शेवटचे दोन मला फार महत्त्वाचे वाटतात. या गोष्टी बघून विद्यापीठ तुमच्या क्रमांकात थोडी भर घालतं. वेगळ्या जागा नसतात, रांग एकच, फक्त तुम्ही रांगेत जरा पुढे सरकता. पण अभ्यासक्रमाला अमुक विषयात अमुक गुण हवेत असं असेल तर ती अट कुणालाच माफ नाही. आदिवासी म्हणजे अबोरिजिनल मुलांसाठी विद्यापीठांचे वेगळे प्रवेशमार्ग असतात, ते याच्या बाहेर.

मला यातून सुचलं ते असं की आपल्याकडे दाखला जमात विचारतो, शाळा विचारत नाही. खोतीगावातून उजाडायच्या आत बस धरणारी वेळीप मुलगी आणि पणजीत दोन्ही पालक सरकारी नोकरीत असलेली वेळीप मुलगी एसटीच्या त्याच बारा टक्के जागांत एकमेकींशी भांडणार. आणि यात दोष दोघींचाही नाही.

पर्वरीकरीण

टेबलाच्या या बाजूने हेच दिसायचं. एसटीच्या जागा शहराजवळच्या कॉलेजांत पटकन भरतात आणि लांबच्या मुली जे जवळ असेल ते घेतात. विषय आवडतो म्हणून नव्हे, बस मिळते म्हणून. मेजर विषय कदंबा बसच्या वेळापत्रकावर ठरलेल्या कितीतरी मुली बघितल्या मी.

मुळा_मुठा

प्रदेशाला वजन द्यायचे प्रयोग आपल्याकडे झालेत. महाराष्ट्रात वैद्यकीयला ७०:३० होतं, सत्तर टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना. मराठवाडा-विदर्भाची जुनी तक्रार होती की कॉलेजं पश्चिमेला जास्त, म्हणून त्यांच्याच वाट्याला कमी जागा. शेवटी २०२० मध्ये ते रद्द केलं. जेएनयूतही मागास जिल्ह्यांतून येणाऱ्यांना जादा गुण देण्याची पद्धत होती. म्हणजे कल्पना परदेशी नाही, टिकवणं अवघड.

पण गोव्यासारख्या छोट्या राज्यात तालुक्याला वजन दिलं तर भाडेकरार दाखवून पत्ते काणकोणला हलतील, ही भीतीही खरी आहे.

रोंबाट

हलतील काय, हललेच म्हणून समजा. 😄 घरपट्टीची पावती लगेच हजर.

यारा_काठ

म्हणून तर शाळा बघायची. पत्ता वर्षात बदलता येतो, पाचवी ते बारावी कुठे काढली ते नाही बदलता येत.

फोंड्याचा_मास्तर

चर्चा रंगली आहे, पण करमलघाटांच्या मूळ प्रश्नातली सर्वात मोठी खोच अजून कुणी काढली नाही. ती काढतो.

यूजीसीचे एबीसीचे नियम २०२१ चे आहेत. त्यात पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे क्रेडिट कमावलेले असावेत अशी अट आहे. म्हणजे बाहेरून आणता येतात ते जास्तीत जास्त निम्मे. आता मांडा हिशोब. मुलीचे ८० गोव्यात झालेत. पुण्यात तिसऱ्या वर्षाचे ४४ करेल. एकूण १३२ धरले तर निम्मे ६६. ४४ मध्ये कसं बसायचं? पुण्याची पदवी घ्यायची तर तिला साधारण दुसऱ्या वर्षाच्या मध्यापासून तिकडे असायला हवं होतं. शेवटच्या एका वर्षासाठी विद्यापीठ बदलायचं, तर या रस्त्याने दार बंद आहे.

"मग चौथं वर्ष ऑनर्सचं पुण्यात करू" हाही विचार कुणाच्या डोक्यात येईल. तिथेही तेच गणित. १२० इकडचे, ४४ तिकडचे.

म्हणून माझं मत सरळ आहे. तिसरं वर्ष इथेच काढा. दहा महिन्यांचा प्रश्न आहे, मडगावात नातेवाईक किंवा एखादं बरं वसतिगृह बघा. हातात गोवा विद्यापीठाची पदवी येऊ द्या. त्यानंतर जिथे जायचं तिथे एमएला जाऊ दे. एमएचे क्रेडिट पहिल्यापासून मोजतात, समकक्षतेचा घोळच नाही. आणि केंद्रीय विद्यापीठात गेली तर वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे दाखलाही पूर्ण चालतो. आज पुण्याला गेली तर क्रेडिट अर्धवट आणि दाखला शून्य. वर्षभराने गेली तर दोन्ही शाबूत.

जाता जाता शिष्यवृत्तीचं. केंद्राची पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती एसटी विद्यार्थ्याला त्याच्या मूळ राज्याकडून मिळते, मग तो शिकत कुठेही असो. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. भावोजींच्या नव्या पगारात ती बसते का ते बघा. राज्याच्या आदिवासी कल्याण खात्याची गगन भरारी योजना आहे, तिचे निकष वेगळे, तिथेही चौकशी करा. म्हणजे गंमत बघा, पुण्याच्या जागेवर दाखला चालत नाही पण त्याच दाखल्यावरची शिष्यवृत्ती पुण्यात शिकत असतानाही गोव्यातून येऊ शकते.

करमलघाट

मास्तर, निम्म्याची ही अट आम्हाला कुणीच बोललं नव्हतं. पुण्यातल्या त्या दोन कॉलेजांनीही नाही.

एक शेवटची शंका. बहीण म्हणते, दोन वर्षांवर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं म्हणे. तसं करून वर्षभर पुण्यात राहिली आणि मग परत आली तर?

पर्वरीकरीण

येतं. ८० क्रेडिट आणि त्यावर उन्हाळ्यातला चार क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स केला की यूजी डिप्लोमा. पहिल्या वर्षानंतर ४० अधिक चार, त्याला सर्टिफिकेट. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सगळं मिळून सात वर्षांत पदवी पुरी करायची. क्रेडिटही खात्यात सात वर्षंच जिवंत राहतात.

पण ताईंना माझ्याकडून एवढं सांगा. ही सोय आजारपण, बाळंतपण, घरातली अडचण यांत अडकलेल्यांसाठी फार मोलाची आहे, पूर्वी अशा मुलींच्या हातात "सेकंड इयर पास" यापलीकडे काही नसायचं. पण धडधाकट, सगळे विषय सुटलेल्या मुलीने ती कशाला घ्यावी? एकदा बाहेर पडलेली मुलगी परत येते का, हे नियमावर नाही, घरच्यांवर अवलंबून असतं. स्थळं यायला लागतात हो.

सोलकढी

हे मात्र खरं बोललात. आमच्या वाड्यावर दोन उदाहरणं आहेत.

करमलघाट

बहिणीला वाचून दाखवलं. भावोजी गप्प बसले, म्हणजे निम्मं काम झालं.

आता भाच्याचं. काकोड्याच्या पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा यंदा होईल, ६० च्या आसपास टक्के. त्याला फर्मागुडीला इंजिनिअरिंग करायचंय. जीसीईटी (गोव्याची सामाईक प्रवेश परीक्षा) द्यावी लागेल का? बारावी केलेली नाही.

फोंड्याचा_मास्तर

नाही. जीसीईटी बारावीतून पहिल्या वर्षाला जाणाऱ्यांसाठी. डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, डिप्लोमाच्या गुणांवर. एआयसीटीईची किमान पात्रता ४५ टक्के, राखीव गटाला ४०. पात्र तो आहेच, प्रश्न गुणवत्ता यादीत कुठे येतो हा. राज्य तेच असल्याने त्याचा एसटी दाखला इथे पूर्ण चालतो, बहिणीसारखी भानगड नाही. तंत्रशिक्षण संचालनालयाचं प्रॉस्पेक्टस निघालं की रहिवासाचा परिच्छेद आधी वाचा, फीचा नंतर. आईवडील आता पुण्यात राहणार आहेत, म्हणून सांगतो. रहिवासाचे कागद ते जाण्याआधीच मामलेदाराकडून करून घ्या.

शिवाय पहिल्या वर्षाचं गणित त्याने केलेलं नसतं, ब्रिज कोर्स असतो. तो गांभीर्याने घ्यायला सांगा. डिप्लोमातून आलेली मुलं वर्कशॉपमध्ये भारी असतात आणि गणिताच्या एम-थ्री पेपरला गोते खातात, हे मी दरवर्षी बघतो.

साळ_नदी

वाचून राहवलं नाही म्हणून विचारते. आमच्याकडे नवऱ्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, मुलाचाही झाला, आता दोघांकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड. मुलगा शिकला सगळं मडगावातच. अकरावीत आहे, नीट द्यायची म्हणतो. एक शेजारी म्हणतात त्याला फक्त एनआरआय जागा. खरं का? आमच्या आळीत अशी दहा घरं तरी असतील आणि कुणाला नीट माहीत नाही.

डिचोलीचा_वकील

साळ_नदी, हा गोव्यातला खरोखर मोठा आणि फार कमी बोलला जाणारा प्रश्न आहे. ४ मार्च २०२१ ची गृह मंत्रालयाची अधिसूचना सांगते की नीट, जेईई यांसारख्या प्रवेशांत ओसीआय कार्डधारकाला एनआरआयच्या बरोबरीने धरायचं, आणि फक्त भारतीय नागरिकांसाठी राखीव जागांवर त्याचा हक्क नाही. त्याविरुद्ध पालक न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही बंधनं मागच्या तारखेने लावता येणार नाहीत, त्या आधी ज्यांचं ओसीआय झालं त्यांना जुने हक्क राहतील. त्यामुळे तुमचा सगळा प्रश्न एका तारखेवर आहे : मुलाच्या कार्डावर नोंदणी कधीची? ४ मार्च २०२१ च्या आधीची की नंतरची? नंतरची असेल तर शेजारी बरोबर आहेत, आणि एनआरआय जागेची फी ऐकून आधी बसून घ्या.

पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करताना एजंट हे कधीच सांगत नाहीत. त्यांचा धंदा लिस्बनपर्यंतचा, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजापर्यंतचा नाही.

साळ_नदी

२०२२ ची आहे. बघते आता काय करायचं ते. आभारी आहे.

यारा_काठ

साळ_नदी ताई, धीर सोडू नका. नीट सोडून बाकीचे मार्गही बघून ठेवा. युरोपियन नागरिक म्हणून पोर्तुगालच्या सरकारी विद्यापीठात तिथल्याच दराने शिकता येतं, पण भाषा लागते, म्हणून आत्तापासून पोर्तुगीजचा वर्ग लावा. इंग्लंडवर भिस्त ठेवू नका. स्विंडनला आपले किती लोक, पण ब्रेक्झिटनंतर तिथला सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड दर्जा नसेल तर पोर्तुगीज पासपोर्टवरही परदेशी विद्यार्थ्याचीच फी लागते.

वेळीपांची_पोर

नमस्कार. मी करमलघाटांची भाची. मामाने हा धागा पाठवला, सगळा वाचला. माझ्याबद्दल एवढे लोक बोलतायत हे वाचून जरा विचित्र वाटलं, पण बरंही वाटलं.

मला स्वतःला पुण्याला जायचंच नव्हतं, पण तसं म्हटलं की घरात "तुला काय कळतं" होतं. आता मास्तरांचा हिशोब दाखवलाय. तिसरं वर्ष इथेच, मडगावात मावशीकडे राहून. एमए इतिहासातच करायचं आहे, शक्यतो केंद्रीय विद्यापीठात. यारा_काठ ताई, तुम्ही बसचं लिहिलंत ते अगदी खरं. मला भूगोल घ्यायचा होता, पण प्रॅक्टिकल संपेपर्यंत काणकोणची शेवटची सोयीची बस जायची.

प्रश्न : केंद्रीय विद्यापीठासाठी वेगळी परीक्षा असते का? आणि इथल्या विद्यापीठाचा अर्जही भरून ठेवू का? चौथ्या वर्षाचा ऑनर्स करून मग एमए केलं तर?

फोंड्याचा_मास्तर

बाळ, स्वतः येऊन लिहिलंस हे उत्तम केलंस.

केंद्रीय विद्यापीठांत एमएला सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा. अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात, परीक्षा मार्चच्या सुमाराला, आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी बसू शकतात. म्हणजे पाचव्या सेमिस्टरचा निकाल लागता लागता तुला फॉर्म भरायचा आहे, विसरू नकोस. परीक्षा देऊन भागत नाही, नंतर प्रत्येक विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळा अर्ज करावा लागतो. अनेक मुलं इथेच गळतात, गुण असून. गोवा विद्यापीठासाठी जीयू-आर्ट ही स्वतंत्र प्रवेश परीक्षा, तीही दे. ताळगावच्या पठारावर जागा मिळाली तर तीही काही वाईट नाही, आणि तिथे तुझे बारा टक्के आहेत.

चौथं वर्ष केलंस तर एमए एका वर्षाचं होऊ शकतं, तीन वर्षांनंतर गेलीस तर दोन वर्षांचं. एकूण काळ तोच. संशोधनासह ऑनर्स हवा असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात. पण एका वर्षाचं एमए प्रत्येक विद्यापीठात चालू आहे असं समजू नकोस. तुला बाहेर जायचंय तर तीन अधिक दोन हाच रस्ता बरा.

पर्वरीकरीण

मुली, आणखी एक काम याच आठवड्यात कर. दहावीचं गुणपत्रक, आधार आणि जातीचा दाखला शेजारी शेजारी ठेव आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तिन्हीवर एकच आहे का बघ. वेळीप कुठे व्ही ने, कुठे डब्ल्यू ने लिहितात, आणि वडिलांचं नाव कुठे असतं कुठे नसतं. एबीसीचं खातं आधारवरून निघतं. नाव जुळलं नाही तर कॉलेजने चढवलेले क्रेडिट खात्यात दिसतच नाहीत.

वेळीपांची_पोर

आत्ताच बघितलं. आधारवर डब्ल्यू आहे, बाकी दोन्हीवर व्ही. डिजिलॉकरमध्ये फक्त पहिल्या सेमिस्टरचे क्रेडिट दिसतायत.

पर्वरीकरीण

तरी म्हटलं. दहावीचं गुणपत्रक पुरावा म्हणून घेऊन आधी आधार दुरुस्त कर, दाखल्याला हात लावू नकोस. आधार झालं की कॉलेजच्या परीक्षा विभागाला लेखी अर्ज दे की दुसऱ्या ते चौथ्या सेमिस्टरचे क्रेडिट पुन्हा चढवा, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घे. तोंडी सांगून येऊ नकोस.